ओढ एकोणीस

"लेकाची माझ्याकडं ओढ एक्केचाळीस. आणि त्याच्या सासूकडं अडुसष्ट. सासू काय फोनवरनं साखर पाजती काय त्याला?"

बाकावरच्या म्हातारीनं हे शेजारणीच्या कानात सांगितलं. पण कमी ऐकू येणारी माणसं ज्या आवाजात कानात सांगतात त्या आवाजात. त्यामुळे काउंटरपलीकडे बसलेल्या प्रणितालाही ते ऐकू आलं आणि बाहेर रिक्षात पेपर वाचत बसलेल्या माणसानंही मान वर केली.

"तुम्ही काय बोलता त्याच्याशी फोनवर?" शेजारणीनं विचारलं.

"काय बोलायचं? जेवलास का म्हणते. जेवलो म्हणतो. ठेवते."

"मग यंत्र तरी काय करंल, आक्का."

प्रणिता हसली नाही. मिरज स्टँडसमोरच्या 'खटावकर टूर्स'मध्ये हे रोजचंच होतं. तिकीट काढायला माणूस लागेनासा झाला तेव्हा तिनं हे दुकान बंद करायला काढलं होतं. मग सवलतीचा कायदा आला, त्याच्याबरोबर सरकारी अर्ज आले, आणि अर्ज भरायला माणूस लागायला लागला. छप्पन्नाव्या वर्षी तिचं दुकान पुन्हा चालू झालं. तिच्या वर्गातल्या सगळ्या स्वप्नाली आणि रूपाली गुडघ्याला पट्टे बांधून नातवंडांच्या शाळेबाहेर उभ्या राहत होत्या, आणि ही इथं लोकांची माया आकड्यांत भरून देत होती.

सुरुवात झाली होती विमान कंपन्यांच्या हुशारीपासून. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी एक यंत्रणा बसवली. तुम्ही तिकीट शोधायला बसलात की ती तुम्हाला वाचायला बसायची. एकच तारीख कितीदा उघडून बघितलीत, बोट किती घाईनं फिरलं, गेल्या आठवड्यात कुठल्या दवाखान्याला फोन केलात, यावरून तुम्हाला जायची निकड किती आहे हे ती ताडायची आणि तेवढं भाडं चढवायची. सहलीला निघालेल्याला स्वस्त. बापाच्या शेवटच्या भेटीला निघालेल्याला चौपट. लोकांना हे कळलं तेव्हा रस्त्यावर माणसं उतरली, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि अखेरीला सरकारला जाग आली.

सरकारनं ती यंत्रणा बंद केली नाही. तिचं तोंड फिरवलं. परदेशी जाणाऱ्या आणि तिथून येणाऱ्या प्रत्येक विमानात एकतृतीयांश जागा सवलतीच्या ठेवायच्या, आणि ज्याची निकड जास्त त्याला त्या आधी द्यायच्या. शंभरात साठ गुण मिळाले की पाव भाडं. कागदावर त्याला 'प्रवास-निकड निर्देशांक' असं नाव होतं. लोक त्याला ओढ म्हणायला लागले, कारण ते तेच होतं. कंपन्यांनी सवलतीचा तोटा उरलेल्या जागांवर टाकला, आणि पूर्ण भाडं असं काही वर गेलं की त्याच्याकडे बघायचंही लोकांनी सोडून दिलं.

ओढ मोजायची कशी? दोन्ही टोकांच्या माणसांनी संमती दिली की यंत्र त्यांचे आपसातले दोन वर्षांचे फोन ऐकायचं. शब्द ऐकायचंच, पण शब्दांच्या खालचा आवाज जास्त ऐकायचं. मनात कालवाकालव झाली की माणसाच्या गळ्याचे स्नायू ताणतात, स्वर वरखाली होतो, दोन शब्दांमधला श्वास लांबतो नाहीतर तुटतो. आपल्या कानाला न कळणारी ही थरथर यंत्राला कळायची. पहिल्या वर्षी त्यामुळे देशभर नुसती रडारड झाली. सांगलीत 'ओढ क्लासेस' निघाले, सात दिवसांत हुंदका शिकवणारे. मग सरकारनं दुसरा नियम घातला, मेळाचा. आवाज आणि शब्द एकमेकांशी जुळले पाहिजेत. शब्द एक सांगतायत आणि आवाज दुसरंच, असं दिसलं की गुण कापायचे. मेळ फारच बिघडला की ताकीद. तीन ताकिदी झाल्या की वर्षभर अर्ज बंद.

"रडू नका," प्रणिता गिऱ्हाइकांना सांगायची. "आहे ते बोला. यंत्राला खोटं चालत नाही."

त्या आक्कांनाही तिनं तेच सांगितलं. जेवलास का विचारू नका, आठवण येते म्हणा. आक्का म्हणाल्या, "असं कसं तोंडावर म्हणायचं लेकाला?" आणि लाजून पदर तोंडाला लावला.

त्या गेल्यावर प्रणितानं स्वतःचा अर्ज उघडला. कॅनडातल्या हॅलिफॅक्सला असलेल्या मुलीनं, मृण्मयीनं, घरातल्या मनूनं, आईवडिलांकडे येण्यासाठी. ओढ एकोणीस. एक ताकीद.

* * *

तिचा नवरा हेमंत म्हणजे मिरज स्टँडचा आवाज. एकतीस वर्षं तो तिथं वाहतूक नियंत्रक होता. 'फलाट क्रमांक तीनवर लागलेली जत-विजापूर गाडी सुटण्याच्या तयारीत आहे,' हे तो असं म्हणायचा की ज्याला जतला जायचं नाही त्यालाही वाटावं, जाऊन बघावं एकदा. लग्नासाठी प्रणिताला बघायला तो आला तेव्हा तिच्या आजीनं त्याला डोळे मिटून ओळखलं होतं.

तीन वर्षांपूर्वी त्याला पार्किन्सन झाला. मेंदूत एक रसायन कमी पडायला लागतं आणि शरीराला हालचालीचे हुकूम नीट पोचेनासे होतात. हात थरथरतो हे सगळ्यांना दिसतं. चेहऱ्याचे स्नायू थिजतात आणि आवाजातला चढउतार निघून जातो, हे फक्त घरच्यांना कळतं. हेमंतचा आवाज आधी बारीक झाला, मग सपाट. आता तो 'चहा गार झाला' म्हणाला काय आणि 'भीती वाटते' म्हणाला काय, दोन्ही एकाच सुरात यायचं, आणि समोर टेबलाशी बसलेल्यालाही कान पुढे करावा लागायचा.

ऑपरेशन वीस तारखेला ठरलं होतं. कवटीला बारीक भोक पाडून मेंदूत आत तारा सोडायच्या आणि विजेच्या हलक्या झटक्यांनी हात स्थिर करायचा. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं. हात सुधारेल, चालणं सुधारेल. आवाजाचं सांगता येत नाही, काहींचा उरलेलाही जातो. म्हणून मनू वीस तारखेच्या आत यायला हवी होती. वडिलांचा आहे तो आवाज तिनं समोर बसून ऐकायला हवा होता.

फक्त मनूला यातलं काही माहीत नव्हतं. आजारही नाही आणि ऑपरेशनही नाही. मुलगी परमुलखात एकटी आहे, तिकडे वृद्धाश्रमात परिचारिकेचं काम करते, तिला कशाला घोर लावायचा. आधी औषधं लागू पडू देत मग सांगू, असं झालं. मग तिची परीक्षा होती. मग तिनं नवं घर घेतलं. तीन वर्षं अशीच गेली. आत्ता बोलावण्यासाठी हेमंतच्या भाच्याचं लग्न पुढे केलं होतं. लग्न खरं होतं, अठरा तारखेला. पण त्या भाच्याशी मनू आयुष्यात दोनदा बोलली असेल.

फोन रविवारी यायचा, संध्याकाळी. तिकडे तेव्हा सकाळ असायची.

"कशी आहेस गं?"

"मी मजेत. तुम्ही?"

"आम्ही अगदी मजेत."

"बाबा काय करतायत?"

हेमंत शेजारीच होता. प्रणिता त्याच्या सदऱ्याची गुंडी लावत होती. त्याला स्वतःला आता ती लावता येत नसे, आणि उजवा खांदा दुखत असल्यामुळे तिलाही वेळ लागे.

"बाबा ना, आत्ता आले फिरून. देते हं."

तिनं फोन त्याच्या तोंडाशी धरला. "बरंय," हेमंत म्हणाला. मग जरा थांबून, "तू बरी?"

पलीकडून उत्तर यायला नेहमीसारखाच थोडा वेळ लागला. "मी बरी, बाबा. आई, कॅमेरा लाव की."

"अगं, काच तडकलीय त्याची. टाकायचाय दुरुस्तीला."

"दीड वर्ष झालं काच तडकून."

"इथली माणसं कशी आहेत तुला माहितीये ना. आज या, उद्या या. तुझ्या तिकिटाचं कर हं मनू, अठराला लग्न आहे."

"ओढ वाढली की बघू. किती आहे?"

"वाढेल. तू मजेत आहेस ना?"

"अगदी. बर्फ पडलाय एवढंच."

फोन ठेवल्यावर प्रणितानं आकडा पाहिला. सतरा. तिनं फोन सोफ्यावर टाकला आणि सरकारला एक शिवी दिली, तिच्या आईनं ऐकली असती तर तोंड धुवायला पाठवलं असतं अशी.

* * *

सवलत तपासणी कक्ष सांगलीत होता. दाराशीच एक यंत्र बोटाचा ठसा घेऊन क्रमांक द्यायचं आणि क्रमांक दिल्याबरोबर विचारायचं, "आपण आमच्या सेवेबद्दल समाधानी आहात का?" प्रणितानं 'नाही' दाबलं. यंत्र म्हणालं, "कारण सांगण्यासाठी कृपया नवा क्रमांक घ्या."

अडीच तासांनी तिला आत घेतलं. समोर बेळंकेबाई होत्या. निवृत्तीला आलेल्या, तोंडात लवंग, टेबलावर कोमट पाण्याचा तांब्या. त्यांनी पडद्यावर दोन रेघा काढून दाखवल्या.

"ही तुमची वरची रेघ म्हणजे शब्द. बघा, सरळ. सगळं छान, सगळं मजेत. खालची रेघ आवाजाची. ही बघा कशी उड्या मारते. घाबरलेल्या माणसाची आहे ही. दोन रेघांमध्ये एवढं अंतर लबाड माणसांचं असतं."

"मी लबाड?"

"मी नाही म्हणत. यंत्र म्हणतं. दोन वर्षांत एकशे सहा फोन. 'इकडं सगळं ठीक' किंवा 'मजेत', दोनशे अकरा वेळा. मी सुद्धा मोजलं नसतं, पण ते मोजतं." बेळंकेबाईंनी लवंग गालाच्या दुसऱ्या बाजूला सरकवली. "आणि तुमच्या मिस्टरांची रेघ तर हालतच नाही. त्यांना मुलीबद्दल काही वाटतच नाही, असं धरलंय यंत्रानं."

"त्यांना पार्किन्सन आहे, मॅडम. त्यांचा आवाजच सपाट होतो. त्यांना मुलीबद्दल काय वाटतं ते मला विचारा. तिची शाळेची पाण्याची बाटली अजून कपाटात ठेवलीय त्यांनी."

"मग नमुना नऊ भरा. आजाराचा दाखला जोडा. त्यांचा आवाज हिशेबातनं वगळतात, तुमच्या रेघेचाही फेरविचार होतो. सोपं आहे."

"भरते. द्या."

"त्याची एक प्रत सहअर्जदाराला आपोआप जाते. म्हणजे मुलीला."

प्रणितानं पुढे केलेला हात मागे घेतला. खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न दाबून धरला होता.

"तिला माहीत नाही," बेळंकेबाई म्हणाल्या. विचारलं नाही, नुसतं म्हणाल्या. मग त्यांनी तांब्यातलं पाणी फुलपात्रात ओतून तिच्यापुढे सरकवलं. "रोज चार येतात असे. लपवणारे. कायदा केला लफंग्यांना धरायला आणि सापडतात आईबाप."

"मग बदला की कायदा."

"मी बदलू? मला इथला पंखा बदलून मिळेना."

"तुमचं कोण आहे बाहेर?"

"मुलगा. पर्थला. ओढ अठ्ठ्याऐंशी." बेळंकेबाईंच्या तोंडावर लाजल्यासारखं हसू आलं. "आम्ही फोनवर भांडतो हो. त्याच्या बायकोवरनं, माझ्या गोळ्यांवरनं. मी म्हणते मेलास तू मला, तो म्हणतो तू आधी. भांडणाऱ्यांचा मेळ एकदम चांगला असतो." मग त्या पुढे झुकल्या. "एक विचारू? मिस्टरांची रेघ राहू दे. अर्ज सगळा त्यांच्यासाठी लिहिलाय तुम्ही. तुमचं काय?"

"माझं काय. मी खंबीर आहे."

बेळंकेबाईंनी पडद्यावरच्या खालच्या रेघेकडे पाहिलं.

* * *

लोकांना 'खरं बोला' सांगणारी बाई घरी येऊन काय करेल, तर तालीम घेईल. प्रणितानं एका पाठकोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात वाक्य लिहिलं: मनू, तुझी फार आठवण येते, लग्नाला नक्की ये. आवाजाचा व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की हेमंतनं स्टँडवर बोलल्यासारखं ठरवून, मोठ्यानं बोलावं. मेंदूची मोडलेली वाट सोडून दुसऱ्या वाटेनं आवाज येतो. तसा तो यायचाही, पाच-सहा शब्दांपुरता.

चार दिवस ते दोघं स्वयंपाकघरात तेवढंच करत होते. हेमंत ओट्याला धरून उभा राहायचा, छाती भरून घ्यायचा आणि कागद वाचायचा. ती आमटी ढवळता ढवळता म्हणायची, "अजून जरा मायेनं." तो म्हणायचा, "माया आहे. आवाज नाही." यावर एकदा दोघंही इतके हसले, म्हणजे ती हसली आणि त्याचे खांदे हलले, की आमटी खाली लागली.

रविवारी तिनं फोन त्याच्यापुढे धरला आणि कागद वर धरला. हेमंतनं छाती भरून घेतली.

"मनू. तुझी फार आठवण येते. लग्नाला. नक्की ये."

चांगला आला होता आवाज. खणखणीत. प्रणिताला वाटलं, जमलं. मग मनू हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही वाचून बोलताय का?"

"छे गं," प्रणिता घाईनं म्हणाली. "ते आपलं स्टँडची सवय. रिटायर झाले तरी माणूस तोच. आम्ही अगदी मजेत आहोत."

रात्री आकडा आला. अकरा. खाली लाल अक्षरांत: मेळ अपुरा, दुसरी ताकीद. पुढील विसंगती आढळल्यास अर्ज एक वर्षासाठी स्थगित.

प्रणिता ओट्याशी उभ्यानंच जेवली. गेलं वर्षभर ती उभ्यानंच जेवत होती, कारण बसलं की काहीतरी पडायचं, भांडं नाहीतर हेमंत. मग ती हेमंतवर ओरडली, की जरा लक्ष देऊन वाचलं असतंस तर. मग सरकारवर. मग ताट घासायला घेतलं आणि ते तिच्या हातून दोनदा निसटलं. हेमंत खुर्चीत बसून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, आणि ते नसणं आजारामुळे आहे हे तिला माहीत होतं, तरी त्या क्षणी तिला ते सहन होईना.

"तिला माहीत असणार," तो म्हणाला.

"काय?"

"माझं. मी 'बरंय' म्हटलं की ती थांबते. मग बोलते. माझा आवाज ऐकत असते ती." एवढं बोलून तो दमला. जरा वेळानं म्हणाला, "एकतीस वर्षं माईकवर होतो मी. ऐकणारा माणूस कळतो."

"काहीतरीच. माहीत असतं तर विचारलं नसतं तिनं?"



* * *

मंगळवारी तिनं नमुना नऊ भरला. रोगाचं नाव, कधीपासून, ऑपरेशनची तारीख. इतरांचे शेकडो अर्ज भरलेल्या हाताला स्वतःचा भरायला सकाळ गेली. शेवटच्या चौकोनात 'अर्ज पाठवा' होतं आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'प्रत सहअर्जदारास'. तिनं बोट त्याच्यावर ठेवलं, उचललं. दुकानात एक जोडपं आलं, त्यांचं काम केलं. परत बोट ठेवलं, परत उचललं. दुपारी दुकान लवकर बंद करून ती घरी आली. त्या सकाळी हेमंत न्हाणीघरात घसरला होता. लागलं नव्हतं, पण त्याला उठवताना तिच्या खांद्यात जी कळ गेली ती अजून हातात होती.

फोन बुधवारी आला. बुधवारी मनूचा फोन कधी येत नसे. संध्याकाळचे पाच वाजले होते, प्रणिता हेमंतला चहा पाजत होती. एका हातात कप, दुसऱ्या हातानं त्याची हनुवटी. हनुवटी सोडून तिनं फोन घेतला आणि स्पीकर लावला.

"आई, दोन मिनिटं आहेत का?"

"आहेत की. आम्ही मजेत. तू..."

"आई, बाबांना पार्किन्सन आहे ना?"

प्रणितानं कप खाली ठेवला. चहा बशीत सांडला. तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की अर्ज चुकून गेला का. पण तो गेलेला नव्हता.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. माझ्या वॉर्डात आठ जण आहेत. आठही आजोबा मला रोज सकाळी एकाच सुरात नमस्कार करतात. बाबांचं 'बरंय' तसं झालं त्याला दोन वर्षं झाली. आणि रविवारी त्यांनी जे केलं ना, छाती भरून मोठ्यानं बोलायचं, तो व्यायाम मी स्वतः शिकवते लोकांना."

हेमंतनं मान किंचित हलवली. मी म्हणालो होतो, असं.

"मग विचारलं का नाहीस?" प्रणिताचा आवाज चढला. "दोन वर्षं माहीत होतं तर विचारायचं नाही?"

"तू सांगितलं का नाहीस?"

"तुला घोर नको म्हणून."

"हं." पलीकडे मनूचा श्वास ऐकू आला, तिकडच्या सकाळच्या थंडीत बाहेर उभी असल्यासारखा. "मी सांगू, का नाही विचारलं ते? विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस. मग मला यावं लागलं असतं. आणि एकदा आले की तुमच्याकडे बघून मला परत इथं येता आलं नसतं. मला इथं राहायचंय, आई. मला आवडतं इथं. म्हणून मी दर रविवारी आकडा बघायचे. एकोणीस दिसले की वाईट वाटायचं, आणि बरं पण वाटायचं. आपण काय करणार, सरकारच सोडत नाही. कर्ज काढून पूर्ण भाड्यानं नसते आले का मी? आले असते."

प्रणिता खुर्चीत बसली. कितीतरी दिवसांनी ती अशी मध्येच बसली होती. मनूवर रागवावं असं तिला वाटलं, पण राग येईना, कारण ती जे सांगत होती ते ओळखीचं होतं. दर रविवारी आकडा बघून सरकारला शिवी दिली की तिलाही आत कुठंतरी हायसं वाटायचं. मुलगी येत नाही ते कायद्यामुळे. तिला 'ये' म्हटलं आणि ती 'नाही' म्हणाली, असं तरी झालं नाही. बेळंकेबाईंच्या पडद्यावरची ती खालची रेघ तिला आठवली, घाबरलेल्या माणसाची.

"बाबांचं ऑपरेशन आहे," ती म्हणाली. "वीसला. मेंदूचं. आवाज जाईल कदाचित."

"बरं," मनू म्हणाली. परिचारिकेच्या आवाजात म्हणाली, पण तो आवाज तिला पुरला नाही, मध्येच फाटला. "बाबांचं मी डॉक्टरांशी बोलते. तू कशी आहेस? तू ठीक आहेस ना?"

"मी..." शब्द तयार होते. दोनशे अकरा वेळा वापरून गुळगुळीत झालेले. "माझं काय. मी..."

हेमंतचा हात टेबलावरून सरकत आला. थरथरत, सावकाश, चहाच्या ओल्यातून, आणि तिच्या दुखऱ्या हातावर येऊन थांबला. थांबल्यावरही तो थरथरतच होता.

"सांग," तो म्हणाला. गाडी सुटते म्हणावं तसा, सपाट.

प्रणितानं फोन तोंडाजवळ घेतला. यंत्र ऐकत असेल, तिसरी ताकीद येईल की साठ गुण येतील, हे तिच्या लक्षातही राहिलं नाही.

"मनू, तू ये," ती म्हणाली. "परतीचं तिकीट काढूनच ये, मी अडवणार नाही. पण ये. मला एकटीला जमत नाही आता."